'पाहुणे दोन' आणि बाकीचे घोळ: ऑनलाइन वर्गाचे आठ महिने

निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून गेल्या जूनपासून बँक भरतीच्या परीक्षेचं गणित शिकवायला घेतलं. फी नाही. संध्याकाळी सात वाजता, नाशिकला कॉलेज रोडच्या घरातून, व्हिडिओ मीटिंगवर. मुलं सहा. नावं देत नाही. वर्गातही मी त्यांना गावानेच हाक मारते. सिन्नरला दिसत नाही. मनमाडला ऐकू येत नाही. निफाडला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं सावकाश आणि जड, टायपिंग एका बोटाने. उरलेले तिघं नाशकातलेच, त्यांची अडचण फक्त गणित.

ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही. आठ महिन्यांत दोन वापरली. बटणं इकडची तिकडे, रड तीच. दोन्हींच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'चं एक पान होतं. त्यातलं सगळं चालू केलं की आपलं काम झालं, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात एकाची सोय दुसऱ्याच्या वाटेत पाय घालते, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

सुरुवात कॅप्शनपासून झाली. मी बोलते ते खाली मराठीत उमटतं, हे बघून मी हरखलेच होते. मग अपूर्णांक आले. मी म्हणाले "पावणेदोन", खाली आलं "पाहुणे दोन". मनमाडने चॅटमध्ये विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे कोण आलंय?" शेकडेवारीची एकदा 'शेतकरी वारी' झाली. आषाढ होता म्हणून तेवढं खपून गेलं. पाव, पाऊण, सव्वा, अडीच ही आपली लाडकी मापं मशीनला पचत नाहीत. आता मी "एक दशांश चिन्ह सात पाच" म्हणते आणि आकडा बोर्डावर लिहितेच. नाशकातली मुलं म्हणतात, मॅडम रोबोटसारखं बोलतात. बोलू देत.

पण कॅप्शन बरोबर आले तरी मनमाडचं भागत नव्हतं, हे समजायला मला महिना लागला. तिची पहिली भाषा खुणांची. तिचं व्याकरण वेगळं, मराठी तिने शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकलेली. जुलैपासून तिची मोठी बहीण मीटिंगमध्ये बसून माझं बोलणं खुणांनी सांगते. बहिणीची चौकट पिन करून ठेवली की ती मोठी राहते, नाहीतर जो बोलेल त्याचं तोंड मोठं होतं आणि हात कोपऱ्यात जातात. बहिणीने स्वतःच शोधून काढलं की मागे साधी भिंत हवी, उजेड समोरून हवा आणि ड्रेस गडद, बिनफुलांचा हवा. या कामातले व्यावसायिक दुभाषे लांबलचक बैठकीला जोडीने बसतात आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात. ही एकटीच असते. म्हणून मध्ये दहा मिनिटं सगळ्यांना गणित सोडवायला देते, तिचे हात तेवढेच मोकळे होतात.

श्रावणात एका संध्याकाळी आमच्याकडे आणि मनमाडला एकदमच लाइट गेली. मोबाइलच्या नेटवर आल्यावर मी सवयीने म्हणाले, "सगळ्यांनी व्हिडिओ बंद करा, नेट वाचेल." पाच जणांनी केला. बहिणीनेही केला. आज्ञाधारक मुलगी. सिन्नरला काहीच फरक पडला नाही, आणि मनमाडचा वर्ग तिथेच संपला. दहा मिनिटं मी पुढे शिकवत होते. तेव्हापासून 'व्हिडिओ बंद' हे शब्द मी तोंडातून काढत नाही. नेट रडायला लागलं तर बाकीचे बंद करतात, बहीण नाही. तिच्या टेबलावर आता चार्जिंगचा दिवा असतो.

सिन्नर एनव्हीडीए वापरतो. हा कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारा फुकट प्रोग्राम, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेला. मराठी वाचतो, आवाज जरा पत्र्याचा. तर हा गडी चॅटमध्ये येणारं सगळं मोठ्याने वाचतो. निफाड उत्तर चॅटमध्येच देतो, कारण बोलला तर कॅप्शन त्याचं काहीच्या बाही करतात. मनमाडही तिथेच लिहिते. बाकीचे अंगठे आणि टाळ्या टाकत बसतात. म्हणजे मी चक्रवाढ व्याज सांगतेय आणि सिन्नरच्या कानात त्याच वेळी 'अमक्याने अंगठा दाखवला' चालू. तीन आठवडे तो काही बोलला नाही. एक दिवस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही छान शिकवता असं सगळे म्हणतात, मला अजून ऐकू आलेलं नाही."

यावर दोन गोष्टी केल्या. सेटिंगमध्ये कोणत्या सूचना वाचायच्या त्याची यादी सापडली. 'हात वर केला' एवढी ठेवून बाकी बंद केल्या. दुसरी त्याची त्यानेच शोधली. एनव्हीडीएच्या २०२४ मधल्या आवृत्तीत आवाज दोन कानांत वाटून घेता येतो: डाव्या कानात एनव्हीडीए, उजव्या कानात मी. एनव्हीडीएची कळ (बहुधा इन्सर्ट), ऑल्ट आणि एस एकदम दाबायच्या. त्यासाठी दोन्ही कान चालणारे इअरफोन लागतात, ते पोरांकडे क्वचितच असतात. आठ महिन्यांतला सर्वांत उपयोगी खर्च तोच, वायरचा साधा इअरफोन.

स्क्रीन शेअर केली की त्याच्यासाठी ती नुसती फिल्म असते. त्यातलं एक अक्षरही एनव्हीडीएला वाचता येत नाही. म्हणून आदल्या रात्री फाइल पाठवते. पहिली फाइल पाठवली तर त्याला 'डॉलर, कंस, पी, स्लॅश' असलं ऐकू आलं. माझे जुने प्रश्नसंच युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये. आपल्या डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. दिवाळीची सुट्टी अकरा संच पुन्हा टाइप करण्यात गेली. फराळाची चव आठवत नाही.

आलेख मी तोंडी सांगते. "वर्तुळ, पाच फोडी. बारा वाजल्यापासून घड्याळाच्या दिशेने: गहू ३०, कांदा २५, द्राक्षं २०, मका १५, इतर १०." सिन्नर खूश. पण मनमाड एकाच वेळी आलेख बघणार की बहिणीचे हात? डोळे दोनच, तेही एकाच दिशेला. आता आधी आलेख दाखवते, वीस सेकंद गप्प बसते, मग सांगते.

गप्प बसण्याचीही कथा आहे. निफाडला टाइप करायला वेळ हवा, म्हणून प्रश्न विचारल्यावर चाळीस सेकंद शांतता ठेवायची ठरवली. सिन्नरला वाटलं नेट गेलं. तो बाहेर पडून परत यायचा. मग टेबलावर पेन्सिल टिकटिक वाजवली, तर आवाज गाळणाऱ्या फिल्टरने टिकटिकही गोंगाट समजून गिळून टाकली. (या फिल्टरला मात्र पूर्ण मार्क. डिसेंबरात समोरून वरात गेली, ढोल-ताशासकट, आणि मुलांना पत्ता नाही.) शेवटी मीच मोजायला लागले, "दहा... वीस..."

ज्या परीक्षेची तयारी चालली आहे तिथे पात्र दिव्यांग उमेदवारांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. माझ्या वर्गात मात्र साठ म्हणजे साठ, हे निफाडनेच ऑक्टोबरात लक्षात आणून दिलं. एक ओळ टाइप केली त्याने, चार मिनिटं लागली. आता वर्ग ऐंशी मिनिटांचा. फुकटच्या खात्यावर मीटिंग चाळीसाव्या मिनिटाला तुटायची. परत आलं की बहिणीची चौकट पुन्हा पिन करा, कॅप्शनची भाषा पुन्हा निवडा. म्हणून नोव्हेंबरपासून पैसे भरते. ते खटकतं, पण भरते.

अजून न जमलेलं एक आहे. माइकची कळ झूममध्ये ऑल्ट आणि ए, मीटमध्ये कंट्रोल आणि डी, टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम. उंदराला हात न लावता काम करणाऱ्या मुलाला प्रत्येक दारात नवी किल्ली. उद्या मुलाखत कोणत्या ॲपवर असेल ते कोणी सांगत नाही, म्हणून शनिवारी सिन्नरला तिन्हींचा सराव देते.

सोमवारपासून एक नवी मुलगी येतेय, ओझरची. तिला अंधुक दिसतं. फोनवर तिने पहिलंच विचारलं, "मॅडम, पांढऱ्या बोर्डाने डोळे दिपतात, काळा करता येईल का?" मी ग्रुपवर टाकलं. तिघांनी अंगठे दाखवले. मनमाडच्या बहिणीने लिहिलं, काळा चालेल, फक्त आलेखाचे रंग आधी दाखवा. निफाडचं 'टाइप करत आहे' अजून दिसतंय.