पॉवर बीआय : दोन वर्षांच्या वापरानंतर

मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले पॉवर बीआय, म्हणजे माहितीचे विश्लेषण करून अहवाल आणि आलेख तयार करण्याचे साधन, आमच्या कंपनीत गेली दोन वर्षे रोजच्या वापरात आहे. त्याआधी सगळा कारभार एक्सेलवर चालत असे. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात, त्यामुळे व्यवहारांच्या नोंदी निरनिराळ्या फायलींत विभागाव्या लागत आणि महिन्याचा अहवाल हाती येईपर्यंत पुढच्या महिन्याची खरेदी ठरूनही गेलेली असे.

या साधनाचे मोल मला पहिला डॅशबोर्ड तयार होतानाच कळले. विक्री विभाग ऑर्डर नोंदवली की ती विक्री धरत होता, लेखा विभाग बीजक निघाल्यावर धरत होता, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असल्यामुळे बैठकीचा निम्मा वेळ कोणाचा आकडा खरा मानायचा यावरच जात असे. पॉवर बीआयमध्ये ‘एकूण विक्री’ हे सूत्र डॅक्स या त्याच्या सूत्रांच्या भाषेत एकदा लिहिले की सगळे अहवाल तेच वापरू शकतात. पण ते लिहायचे, तर विक्री कशाला म्हणायचे हे आधी ठरवणे भाग होते. बीजकाची तारीख धरायची आणि परत आलेला माल वजा करायचा, असे ठरले. तसे करताच, सर्वाधिक खपाचे समजून ज्या उत्पादनाचा साठा आम्ही वाढवत होतो, ते यादीत बरेच खाली गेले. परताव्याच्या नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक एकाच आकाराच्या पॅकिंगच्या निघाल्या, आणि त्या आकाराची खरेदी आम्ही थांबवली. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता, असे मला आजही वाटते.

उणिवाही आहेत. डेस्कटॉप आवृत्ती केवळ विंडोजवर चालते. प्रो परवान्यात आयात केलेली माहिती वेळापत्रकानुसार दिवसातून आठ वेळाच ताजी करता येते. आम्हाला तेवढे पुरते, पण ज्यांना क्षणाक्षणाची स्थिती पाहायची आहे त्यांना पुरणार नाही.

डॅक्स मात्र मन लावून शिकावे लागते. ते एक्सेलच्या सूत्रांसारखे दिसते, तरी तक्त्यातील ‘एकूण’ची ओळ म्हणजे वरच्या ओळींची बेरीज नसते, तिथे सूत्र नव्याने मोजले जाते. नफ्याच्या टक्केवारीसाठी हेच योग्य आहे, कारण शाखांच्या टक्केवारींची सरासरी काढली तर लहान शाखेला मोठ्या शाखेइतकेच वजन मिळते. आमच्या व्यवस्थापकांना हे पटवायला दोन बैठका लागल्या, आणि आता तेच नव्या सहकाऱ्यांना ही ओळ दाखवून समजावतात.