टेलि-मानस १४४१६ : वसतिगृहातून केलेल्या दोन फोनविषयी

गेल्या सत्रपरीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मला पहाटे चारपर्यंत झोप लागत नव्हती, सकाळचा नाश्ता सुटला होता आणि पुस्तक उघडले की छातीत धडधड सुरू होत असे. महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षाला बहुतेक वेळा कुलूप असे, आणि घरी सांगितले तर आई मिळेल त्या एसटीने निघून येईल याची मला धास्ती होती. शेवटी खोलीतल्या मित्राच्या आग्रहामुळे मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केला.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा निःशुल्क असून रात्रंदिवस चालते. बंगळूरची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्या मध्यवर्ती समन्वयाचे काम पाहते. ती २० भाषांत मिळते, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. ‘जीव घाबराघुबरा होतो’ हे मला मराठीत जसेच्या तसे सांगता आले. इंग्रजीत बोलावे लागले असते तर नुसता ‘स्ट्रेस’ म्हणून मी विषय संपवला असता.

फोनवरच्या ताईंनी आधी मनाविषयी काहीच विचारले नाही. मी किती वाजता झोपतो, मेसमध्ये दोन्ही वेळा जेवतो का, दिवसाला किती चहा होतात, हे त्यांनी शांतपणे विचारून घेतले आणि नंतर जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले. त्या प्रश्नाने मला संकोच न वाटता उलट हायसे वाटले. रात्री कितीही उशीर झाला तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे, दुपारनंतर चहा घेऊ नये, आणि रक्तक्षयात किंवा थायरॉइडच्या विकारातही धडधड होत असल्याने डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे, असे त्यांनी सुचवले. तपासणीत माझे हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघाले.

मात्र ज्याला अनेक महिने एकाच व्यक्तीशी सलग बोलण्याची गरज आहे, त्याने या सेवेला पहिली पायरी समजावे. आवश्यकतेनुसार येथून मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून दिले जाते. वसतिगृहातून फोन करणाऱ्यांनी जागेचा विचार आधी करावा. पहिल्या वेळी खोलीत कोणी येईल या भीतीने मी अर्धे बोलणे गिळले. दुसऱ्या वेळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे बसलो आणि सगळे सांगू शकलो.