उपकारस्तुतीची डायरी: छापील घ्यावी की साधी वही पुरे?

डिसेंबर लागला की बेळगावात नव्या वर्षाच्या कॅलेंडरांबरोबर रोजच्या उपकारस्तुतीसाठी, म्हणजे देवाचे आभार मानण्यासाठी, छापलेल्या डायऱ्याही दिसू लागतात. दिवसाला एक पान, वर बायबलचं एक वचन, खाली 'आज मी यासाठी आभारी आहे' आणि तीन कोऱ्या ओळी. भेट द्यायला छान. रोज वापरायची असेल तर मात्र पारखून घ्या.

तारखा छापलेली घेऊच नये. चार दिवस चुकले की चार कोरी पानं नजरेला पडतात, मन खातं आणि डायरी कपाटात जाते. बाइंडिंगही बघा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पाठ बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात दम धरत नाही, पानं सुटतात. शिवलेल्या वहीत पानं उलटताना मधेमधे घडीत दोरा दिसतो. दमट कागदावर जेलची शाई फुटते, म्हणून साधं बॉलपेन बरं.

खरी उणीव त्या तीन ओळींत आहे. 'कुटुंब, आरोग्य, अन्न' असं आठवडाभर लिहिलं की पुढे हात आपोआप तेच लिहितो. बायबलमधलं स्तोत्र 136 उघडा. 26 वचनं, प्रत्येकात 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद, तरी कंटाळा येत नाही. कारण दर वेळी उपकार नेमका सांगितलाय: सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, अगदी सीहोन आणि ओग या राजांची नावंसुद्धा. वहीतही असंच हवं. 'शेजारी चांगले आहेत' नको. 'प्रभू, आज नळ आला नाही तेव्हा समोरच्या अक्कांच्या हातून तू दोन घागरी पाणी दिलंस' असं लिहा. प्रभूला उद्देशून लिहिलं की ती प्रार्थना होते, नाहीतर नुसती यादी.

आणि वाईट दिवसाचं काय? या डायऱ्यांत रडायला जागाच नसते, हे आम्हाला फार खटकतं. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो, पण दुखण्याला चांगलं म्हणा असं सांगत नाही. स्तोत्र 13 'कोठवर?' असं विचारत सुरू होतं आणि शेवटच्या दोन वचनांत उपकारांकडे वळतं. ते गाऱ्हाणं गाळून लिहिलेले आभार पोकळ वाटू लागतात.

म्हणून आमची पसंती 200 पानी शिवलेल्या साध्या वहीला. पानाच्या मधोमध आडवी रेघ मारली की 400 दिवस निघतात. प्रत्येक अर्ध्यात तारीख, एक ओळ गाऱ्हाण्याची, दोन उपकार, आणि ज्याचे आभार मानायचे त्या एका माणसाचं नाव. दुसऱ्या दिवशी त्याला भेटून किंवा फोन करून सांगितलं की नावापुढे खूण करा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परत आला एकच. ही ओळ म्हणूनच सोडू नये. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेआधी दहा मिनिटं पुरतात. अंथरुणावर पडून लिहायला गेलं की झोप जिंकते. रविवारी आठवड्याची पानं एकदा वाचावीत. 31 डिसेंबरच्या चर्चमधल्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे वर्षभरातले उपकार सगळ्यांसमोर सांगायचे, तर ती इथेच सापडते.

कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलांना कन्नडमध्ये लिहू द्या, मराठीचा आग्रह धरला तर ती दोन शब्दांत उरकतात. छापील डायरी घरात आलीच असेल तर तिच्यावरची वचनं मुलांकडून पाठ करून घ्यायला ती उत्तम.