नावावरचं अनुदान की गावाचं काम?

माण तालुक्यातल्या एका तरुण ग्रामपंचायत सदस्याला प्रश्न पडलाय: ग्रामसभेत जोर कशावर द्यावा? शेतकऱ्याच्या नावावर मिळणाऱ्या योजनांवर, की पाणलोट, शिवाररस्ता, गोदाम अशा सामाईक कामांवर?

आधी पैसा. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात. ठिबकला केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला ५५ टक्के अनुदान आहे. हिशेब सरळ, पण जमीन नावावर हवी. भूमिहीन मजूर बाहेरच राहतो. मला ही मोठी उणीव वाटते. गावात पाणी आलं, तर त्याच्याही हाताला काम मिळतं.

टिकाऊपणात सामाईक काम सरस. हप्ता खत-बियाण्यात संपतो आणि विहीर आटली की ठिबकच्या नळ्या नुसत्या पडून राहतात. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं श्रमदानातून जलसंधारण केलं आणि २०१६ चा पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारण स्पर्धा, जिंकला. अर्थात गाळ काढत राहावं लागतं.

कष्ट मात्र इथंच जास्त. अर्ज एकट्यानं भरता येतो. रस्त्यासाठी बांध सोडायला भावकी तयार करणं सोपं नाही.

युरोपीय संघानंही १९९९ च्या सुधारणेत शेतीधोरणाला ग्रामीण विकासाचा दुसरा आधारस्तंभ जोडला, पण शेतकऱ्यांना थेट मदत आणि बाजाराला आधार देणारा पहिला न काढता. म्हणजे दोन्ही लागतात.

विहिरीला पाणी टिकतं त्यानं ठिबकचा अर्ज आजच करावा. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावानं मात्र आधी पाणलोटाचाच ठराव घ्यावा.