आईची व्हीलचेअर आणि क्रूझच्या दाराचे ते तीन इंच (8 महिने वापरल्यावर)

मागच्या आठवड्यात पांदण रस्त्यावर खुर्चीचं समोरचं छोटं चाक निखळलं म्हणून आज लिहून राहिलो. दुकानदार म्हणे नागपूरला पाठवा, 15 दिवस लागतील. तोवर आईनं काय खाटेवर पडून राहायचं? शेवटी गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं 80 रुपयांत बसवून दिलं.

खुर्ची घेतली होती क्रूझसाठी. लकवा झाल्यापासून आईचा उजवा पाय ओढते, कोणी धरलं तर चार पावलं टाकते. समुद्र पाहायची तिची लय जुनी इच्छा, तुरीचे पैसे आले तसं मुंबई-गोवा-लक्षद्वीप बुक केलं. बुकिंगवाल्याला तीनदा विचारलं, व्हीलचेअर चालते ना? चालते सर, लिफ्ट आहे ना. साधी केबिन स्वस्त होती, मी तीच घेतली.

बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर जवळच, जहाजात चढेपर्यंत काहीच त्रास नाही. आणि केबिनच्या दारात खुर्ची अडकली. सीट 18 इंची असली तरी चाकं आणि हाताच्या रिंगा धरून बाहेरून 26 इंच भरते, दार 23. तीन इंच! लिफ्टचं काय करू मी? दरवेळी खुर्ची बाहेर घडी करायची अन् आईला काखेत धरून आत न्यायचं. त्यात बाथरूमला चांगला चार-पाच इंचाचा उंबरठा. जहाज हललं की आंघोळीचं पाणी खोलीत येऊ नये म्हणून तो ठेवतात हे मागून समजलं. आई म्हणे, "काऊन रे, घरी उंबरठा, इथी बी उंबरठा?" त्या रात्री मला झोप नाही आली.

लक्षद्वीपला बेटांभोवती प्रवाळ अन् उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच उभं राहते आणि लहान बोटीनं जावं लागते. हलत्या बोटीत आईला कसं उतरवू? राहिली वरच. गोव्यात मुरगावला जहाज धक्क्याला लागते, तिथे मात्र उतरली.

घरी आल्यावर सगळा राग खुर्चीवर काढला, रुंद आहे म्हणून 2 स्टार दिले होते. ते आज 4 करून राहिलो. पावसाळाभर काळ्या मातीतून आईला वावरापर्यंत नेलं ते तिच्याच मागच्या 24 इंची चाकांनी. शेजारच्या काकूंची लहान चाकांची खुर्ची अंगणाबाहेर निघत नाही, पण अरुंद आहे, जहाजात तीच गेली असती. चूक खुर्चीची नव्हती, केबिन मी चुकीची घेतली. दिव्यांगांसाठीच्या केबिनचं दार साधारण 32 इंच असते, बाथरूमला उंबरठा नसतो, पण अशा केबिन जहाजात मोजक्याच, म्हणून लवकर धरा. दाराची मोकळी रुंदी इंचात लिहून मागा, आणि प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागते की बोटीनं उतरवतात तेही.

आई पहाटेच उठून डेकवर बसायची. पऱ्हाटीच्या वावरासारखं आहे म्हणे, धुरा (बांध) कुठंच दिसत नाही. पुन्हा जायचं म्हणते. दिवाळीनंतरच्या फेरीसाठी तीन बुकिंगवाल्यांना मेल टाकले, एकाचंच उत्तर आलं, "व्हीलचेअर चालते." त्याला परत विचारलं आहे, किती इंच.