आफ्टर इफेक्ट्समधले ऑडिओ की-फ्रेम: ढोल-ताशावर काही महिने वापरून

गेल्या गणपतीपासून मंडळांचे आगमनाचे व्हिडिओ करताना आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधलं 'कन्व्हर्ट ऑडिओ टू की-फ्रेम्स' सतत वापरतोय. ही कमांड आवाजाच्या चढउताराचे की-फ्रेम, म्हणजे त्या-त्या फ्रेमला नोंदलेले आकडे, बनवते. एकेक ठोका हाताने जुळवायची कटकट खरंच वाचते. पण जी हालचाल हातात पडते ती जशीच्या तशी वापरता येत नाही.

कमांड दिली की 'ऑडिओ ॲम्प्लिट्यूड' नावाचा लेयर तयार होतो. त्यात डावा, उजवा आणि दोन्ही चॅनल असे तीन स्लायडर, प्रत्येक फ्रेमवर की-फ्रेम. 'बोथ चॅनल्स' पिक-व्हिपने (ओढून दोन गोष्टी जोडायची दोरी) मंडळाच्या लोगोच्या स्केलला, म्हणजे आकाराला, जोडायचा, आवाजाच्या कितीला आकार किती टक्के ते 'लिनिअर' सूत्राने ठरवायचं, की लोगो हलतो. हलतो कसला, थरथरतो! ताशाची कडकड सलग चालते, आकडा खाली उतरतच नाही आणि ढोलाची थाप त्यात बुडते. म्हणून मी आधी ऑडिओ एडिटरमध्ये साधारण १५० हर्ट्झच्या वरचं, म्हणजे खर्ज सोडून सगळं, कापून वेगळी फाइल काढतो. की-फ्रेम करताना तेवढीच चालू, बाकीचे लेयर म्यूट. ऐकायला मूळ रेकॉर्डिंग.

उरलेल्या थरथरीवर नेहमीचा उपाय म्हणजे 'स्मूद' एक्स्प्रेशन (एक्स्प्रेशन म्हणजे किंमत ठरवणारं छोटं सूत्र): ०.२ सेकंद रुंदी, ५ नमुने. इथे एक गोम आहे. स्मूद त्या क्षणाच्या मागची आणि पुढचीही सरासरी घेतं. म्हणजे ठोका पडायच्या ०.१ सेकंद आधीच, २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन-अडीच फ्रेम अगोदर, लोगो फुगायला लागतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. पथकातली पोरं मात्र लगेच ओरडतात. स्मूदच्या कंसात तिसरी किंमत, म्हणजे वेळ, 'टाइम वजा ०.१' दिली की हा आगाऊपणा थांबतो, पण ठोक्याची धार बोथट होते ती होतेच.

जादा की-फ्रेम काढून हालचाल गुळगुळीत करणारं 'स्मूदर' पॅनल मोशन स्केचने माउसने काढलेल्या वाटेसाठी छान. आवाजावर नको, टॉलरन्स (किती फरक चालेल तो आकडा) वाढवला की नेमकी शिखरंच कापली जातात.

मला शेवटी पटलं ते असं: चढ ताबडतोब, उतार सावकाश. ढोलाचं पानही (ज्यावर थाप पडते ते) तसंच वाजतं. एक्स्प्रेशनमध्ये छोटा लूप लिहून मागच्या ८ फ्रेमच्या किमती 'व्हॅल्यू ॲट टाइम'ने घ्यायच्या, जितकी जुनी तितकी जास्त घटवायची आणि त्यातली सगळ्यात मोठी वापरायची. ठोक्याच्या फ्रेमला लोगो टणकन उसळतो, मग पाव-एक सेकंदात निवांत बसतो. अशा एक्स्प्रेशन दहा लेयरवर लावल्या की प्रिव्ह्यू रांगतो. मग 'कन्व्हर्ट एक्स्प्रेशन टू की-फ्रेम्स' करून टाकायचं. एक्स्प्रेशन बंद होते, पण पुसली जात नाही.

मंडळाचं नाव मात्र मी आवाजाला बांधत नाही. ते साध्या की-फ्रेमने येतं, एफ९ मारून (हालचालीची सुरुवात-शेवट मऊ करणारं 'ईझी ईझ'). त्याचा ३३ टक्के इन्फ्लुअन्स, म्हणजे मऊपणाचा पल्ला, मिळमिळीत वाटतो, ग्राफमध्ये ओढून ७५च्या आसपास नेतो. आणि टेक्स्ट ॲनिमेटरमध्ये 'बेस्ड ऑन'ला 'वर्ड्स' ठेवतो, अख्खा शब्द एकत्र हलतो, म्हणजे वेलांटी एकीकडे नि अक्षर दुसरीकडे असा प्रकार होत नाही.

एक लक्षात ठेवा: ऑडिओ बदलला तर की-फ्रेम आपोआप बदलत नाहीत, सगळं परत काढावं लागतं. त्यामुळे कार्यकर्त्यांकडून फायनल ट्रॅक आल्याशिवाय मी कमांडला हातच लावत नाही. 'फायनल' नावाच्या तीन फाइल आल्या, तर चौथीची वाट बघतो.