दुरावलेल्या भावांच्या घरात काय वाचावे: लूक १५ की उत्पत्ती ४४-४५?
जमिनीच्या वाटणीवरून भाऊ दुरावलेल्या कोल्हापुरातील ख्रिस्ती घराला कौटुंबिक प्रार्थनेसाठी बायबलमधील उधळ्या पुत्राचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा, लूक १५) प्रथम आठवावा हे स्वाभाविक आहे, कारण तिथेही दुराव्याची सुरुवात वाटणीपासूनच होते. वाटा घेऊन घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येऊन पश्चात्तापाचा शब्द बोलण्याआधीच बाप त्याला मिठी मारतो आणि रागावलेल्या थोरल्या मुलाची समजूत काढायलाही स्वतः बाहेर येतो (हा उत्तरार्ध वगळू नये, असे मला मनापासून वाटते). बायबलच्याच उत्पत्ती ४४-४५ मधील योसेफाची दया मात्र सावकाश येते: आपल्याला विकणाऱ्या भावांना तो आधी पारखतो आणि धाकटा भाऊ बन्यामीन याच्याऐवजी त्यांच्यातलाच यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाल्यावरच रडत ओळख देतो. जखम खोल असेल तिथे मी योसेफाची कथाच आधी वाचेन, कारण तिच्यात क्षमा करणाऱ्याच्या मनातला झगडाही दिसतो.